दोनदा नको, तिसऱ्यांदा अपडेट

…आणि वर मलाच विचारतो, ‘आर्डिस, यात माझं काय चुकलं?’ आता काय सांगणार, कप्पाळ? तुम्हाला सांगते, आमच्या वर्लिनची चूक नव्हती, त्या कॉम्प्युटरचीही नव्हती, चूक असलीच तर आमच्या या अख्ख्या उत्तर मिनेसोटाची, कारण इथे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं, दुसऱ्यांदा ‘नको हो, कशाला उगाच’ म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की मग हळूच, ‘बरं, आता एवढं म्हणताय तर…’ असं म्हणून घ्यायचं. मग ती कॉफी असो, केकचा तुकडा असो, नाहीतर लग्नाची मागणी असो. वर्लिनने मला मागणी घातली तेव्हा मी रीतीप्रमाणे दोनदा नको म्हटलं, आणि तिसऱ्यांदा विचारायला या माणसाने अकरा महिने लावले. अकरा महिने हो! त्या अकरा महिन्यांत माझं काय झालं ते माझं मला माहीत, पण आपण होऊन ‘अरे बाबा, विचार की’ असं म्हणणार कोण? आमच्यात म्हणत नाहीत.

तर हा कॉम्प्युटर. जेवणाच्या खोलीत खिडकीपाशी असतो. मुलगी सिएटलला गेली तेव्हा इथेच टाकून गेली, त्यालाही आता आठ वर्षं झाली. मंगळवारी सकाळी त्याच्यावर एक चौकट उगवली, नवीन अपडेट तयार आहे, आत्ता करायचं की नंतर? वर्लिनने चष्मा लावला, चौकट सावकाश वाचली आणि चांगलं मोठ्याने म्हणाला, ‘नको, राहू दे, कशाला त्रास.’ कोणाला म्हणाला? कॉम्प्युटरला! आणि ‘नंतर’वर टिचकी मारली. बुधवारी तीच चौकट. ‘नको रे, खरंच नको, तुझी बाकीची कामं असतील.’ गुरुवारी तिसऱ्यांदा आली, तर याचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू… ‘बरं बाबा, आता एवढं म्हणतोयस तर,’ म्हणाला आणि ‘आत्ता’ दाबलं, आणि माझ्याकडे वळून म्हणतो कसा, ‘संस्कार चांगले आहेत हं याच्यावर.’

मग सुरू झालं ते. बंद करू नका, काम चालू आहे, तीस टक्के. मी हॉटडिश, म्हणजे आमचा खिमा आणि वर बटाटे, ओव्हनमध्ये टाकली, बटाटे कुरकुरीत झाले, आम्ही जेवलो, भांडी झाली, तरी तीसच टक्के. आमच्याकडे पाहुणे ‘निघतो हं’ म्हणून उठतात आणि मग तासभर दारात, अर्धा तास गाडीपाशी, आणि वीस मिनिटं गाडीची काच खाली करून बोलत राहतात ना, तसलं ते निघणं. दुपार गेली आणि शेवटी एकदाचा पडदा उजळला, तर त्यावरची अक्षरं एवढाली, माझ्या पॅनकेकएवढी! एका वेळी अडीच शब्द मावायचे. चर्चच्या पत्रात ‘रविवारी कॉफी’ एवढं वाचायला याला दोनदा सरकवावं लागलं. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाला, ‘तसं काही फार वाईट नाही.’

हे त्याचं नेहमीचं. तसं काही फार वाईट नाही. दोन वर्षांपूर्वी छपरावरचा बर्फ काढताना वरून पडला, पाय दोन ठिकाणी मोडला, पावलाची दिशाच बदलली होती, बघवत नव्हतं, आणि हा स्ट्रेचरवरून त्या ॲम्ब्युलन्सवाल्या बाईला सांगतोय, ‘तसं काही फार वाईट नाही. तुम्हाला या थंडीत यावं लागलं.’ वादळात गोठ्याचं छप्पर उडून शेजारच्या शेतात पडलं, तर तिकडे बघत म्हणाला, ‘तसं काही फार वाईट नाही, गाई इथेच आहेत.’ अठ्ठेचाळीस वर्षं ऐकतेय. एकदा तरी म्हणेल, हे वाईट आहे… पण नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, अक्षरं मोठी झाली तर झाली, म्हातारपणी बरंच की. हो, एरवी मीही तेच म्हटलं असतं. पण त्या कॉम्प्युटरमध्ये गेलनची ईमेल यायची होती.

गेलन म्हणजे वर्लिनचा धाकटा भाऊ. ॲरिझोनात असतो. नऊ वर्षं दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. कशावरून? तर वर्लिनने दोन हिवाळे खपून स्वतःच्या हाताने गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बसायची खोपटी बांधली, आतून देवदाराच्या फळ्या, बसायला कोपऱ्यात बाक, आणि बाहेरून मोहरीचा पिवळा रंग, तो रंग का ते विचारू नका, डबा उरला होता. गेलन बघायला आला. एक फेरी मारली, दार उघडून आत डोकावला, दार लावलं आणि म्हणाला, ‘हं… वेगळीच आहे.’

वेगळीच आहे! आता बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही, पण आमच्याकडे याहून कडक शब्द नाही हो. चर्चच्या जेवणात कुणी तुमच्या पदार्थाला ‘वेगळाच आहे’ म्हणालं तर तो पदार्थ पुन्हा घेऊन जायचा नसतो. वर्लिनने कॉफी विचारली, दोनदा नको म्हणाल्यावर तिसऱ्यांदाही विचारली, गाडीपर्यंत सोडायला गेला, आणि त्यानंतर नऊ वर्षं फोन नाही, पत्र नाही. गेलन निवृत्त होऊन त्या वाळवंटात राहायला गेला तेव्हासुद्धा नाही.

आणि यंदा डिसेंबरात माझ्या जावेचं, मार्वाचं, नाताळचं पत्र आलं. दरवर्षी येतं, चार पानी, छापील. दोन पानं गोल्फची, एक पान कुत्र्याचं, आणि शेवटच्या पानावर खाली, कुत्र्याच्या दातांनंतर, ‘ऑक्टोबरात गेलनची छाती उघडली, हृदयात तीन ठिकाणी जोडकाम केलं, तो म्हणतो तसं काही फार वाईट नाही.’ वर्लिनने ते पान वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि गोठ्यात गेला. गाई विकूनही सहा वर्षं झालीत आमच्या. गोठ्यात आता काही नाही. दोन तास तिथे होता.

जानेवारीत गेलनचीच ईमेल आली. ‘येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी दोनला मी कॉम्प्युटरसमोर बसणार आहे. वाटलं तर तोंड दाखव.’ बस, एवढंच. वर्लिनने ती सतरा वेळा वाचली, मी मोजलं नाही पण सतरा तरी असेल, आणि उत्तर काय लिहिलं? ‘नको, कशाला त्रास.’ सोमवारी गेलनने पुन्हा लिहिलं, ‘त्रास कसला.’ यावर आमचं उत्तर, ‘नको रे, तुझी कामं असतील.’ झालं, दोन नको झाले. आता तिसरी यायची आणि हा ‘बरं, तू बसणारच आहेस तर’ म्हणायचा, आणि नऊ वर्षांचं ते कुलूप निघायचं. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. तेवढ्यात ते अपडेट.

शुक्रवारी सकाळी तो गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. तिथे मागच्या बाजूला, खिळे आणि पक्ष्यांच्या दाण्यांच्या मधे, ओरेन म्हणून आहे, तो कॉम्प्युटरचं बघतो. ओरेन म्हणाला, आतल्या जुन्या चित्र दाखवणाऱ्या भागाला हे अपडेट झेपत नाही, नवीन ग्राफिक्स कार्ड टाका. वर्लिन ते कार्ड घेऊन आला, शिवाय तोंड दाखवायला एक छोटा कॅमेरा. दुपारी जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरून कॉम्प्युटरचा डबा उघडला, मिशीत फुंकर मारून आठ वर्षांची धूळ उडवली, ती सगळी माझ्या लोणी लावलेल्या पावावर, आणि कार्ड बसवलं. हात चांगला आहे त्याचा, ट्रॅक्टर खोलून परत जोडलेत त्याने. कॅमेरा मात्र स्क्रीनच्या खालच्या कडेला चिमटा लावून टांगला, कारण वरच्या कडेवर माझा चिनीमातीचा लून पक्षी बसतो आणि तो हलवू का असं विचारणं त्याला बरं दिसलं नाही.

मग बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, आणि स्क्रीन काळीठिक्कर. नुसती एक निळी चौकट इकडून तिकडे तरंगतेय, ‘सिग्नल नाही’, आणि जरा वेळाने तीही गेली.

‘तसं काही…’ वर्लिन म्हणाला, पण पुढचं बोललाच नाही.

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘तू बघतेस का जरा?’ आता, मी बावीस वर्षं शाळेच्या कचेरीत काढली आहेत. तिथले स्क्रीन, छपाईयंत्रं, केबली, सगळं मीच बघायचे. मी तेव्हाच धूळ पुसायला मागे वाकले होते आणि एका नजरेत दिसलं होतं मला. मागे दोन भोकं, वरचं जुनं, खालचं नव्या कार्डाचं, आणि याने स्क्रीनची केबल सवयीने वरच्या, जुन्या भोकात खोचलेली. कार्ड बिचारं खाली चित्र तयार करून बसलंय आणि न्यायला कुणी नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. पण पहिल्यांदाच विचारलं होतं ना त्याने. मी म्हटलं, ‘नको, तुझं चालू दे.’

तुम्ही हसताय. हसा.

शनिवारी त्याने कॉम्प्युटर बनवणाऱ्यांच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. जॉर्जियातली मुलगी होती कुणी, चॅरिस नावाची, बोलणं अगदी गुळाच्या पाकातलं. मी स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फोनवर ऐकत होते, चुकून उचलला होता. ती म्हणते, ‘बोला काका, काय अडचण आहे?’ हा म्हणतो, ‘अडचण अशी काही नाही.’ ‘मग फोन कसा केलात?’ ‘सहजच. तुमच्याकडे हवा कशी आहे?’ हवेवर दहा मिनिटं. मग ती म्हणते, ‘काका, स्क्रीनवर काय दिसतंय?’ ‘फारसं काही नाही.’ ‘म्हणजे थोडं दिसतंय?’ ‘तक्रार करावी असं काही नाही.’ ‘म्हणजे ठीक चाललंय?’ ‘तसं काही फार वाईट नाही.’ ‘अरे वा, मग मी तुमची तक्रार सुटली असं लिहू का?’ ‘तुम्हाला बरं पडत असेल तर लिहा.’ आणि लिहिलं तिने! मग यंत्राने विचारलं, सेवेला पाचपैकी किती गुण? याने पाच दाबले.

अर्ध्या तासाने पुन्हा फोन. पुन्हा चॅरिस, तिचं नशीब. ‘काका, आता सरळ सांगा हं, स्क्रीन काळी आहे का?’ ‘काळी असं म्हणता येणार नाही.’ ‘मग?’ ‘मधे एक निळी चौकट येते. छान निळा आहे.’ ‘निळा दिसतोय म्हणजे चित्र येतंय की, काका!’ ‘तुम्ही म्हणता तर येत असेल.’ झालं, तक्रार दुसऱ्यांदा सुटली. पुन्हा पाच गुण, आणि वर यंत्राला थँक्यू.

फोन ठेवला आणि तिथेच उभा राहिला, फोनवर हात ठेवून. ‘आर्डिस,’ म्हणाला, ‘तू बघतेस का?’ मी म्हटलं, ‘नको रे, मला काय कळतंय त्यातलं.’ दोन झाले. आणि मग मी वाट बघत बसले. भांडी घासली, लोकरीचं विणकाम काढलं, मुद्दाम त्या खोलीत तीन चकरा मारल्या, दोनदा खोकले… विचारायचं नाव नाही. गेलनला साधा फोन का नाही केला, असं तुमच्या मनात आलं असेल. फोन केला म्हणजे आपण होऊन केला, नाही का? दोनदा नको म्हटल्यावर आपण होऊन? नऊ वर्षांनी?

रविवारी चर्चला गेलो. सगळ्यांनी विचारलं, काय वर्लिन, कसं काय? ‘तसं काही फार वाईट नाही.’ सव्वाला घरी आलो. कोट न काढता तो खुर्चीत जाऊन बसला, त्या काळ्या काचेसमोर. दीड झाला. पावणेदोन झाले. काचेत त्याचं स्वतःचंच तोंड दिसत होतं, टोपीसकट. मी दारात उभी. पाठमोराच तो म्हणाला, ‘त्याने विचारलं असेल गं तिसऱ्यांदा. या डब्यात पडून असेल ते, आणि मला दिसत नाहीये. त्याला वाटेल, मला नकोच आहे.’ मग म्हणाला, ‘हे वाईट आहे, आर्डिस.’

अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. मला एवढी लाज वाटली ना स्वतःची… दोन दिवस मी अर्ध्या मिनिटाचं काम पदरात बांधून फिरत होते, रीत म्हणून. त्याने मान वळवली. ‘बघतेस का तू?’

‘बरं,’ मी म्हटलं, ‘आता एवढं म्हणतोयस तर.’ गेले, वाकले, केबल वरच्या भोकातून काढली, खालच्यात खोचली, आणि स्क्रीन अशी उजळली, अक्षरं शहाण्यासारखी छोटी, सगळं जागच्या जागी. वर्लिन केबलकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. ‘तुला कधीपासून माहीत होतं?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘शुक्रवारपासून.’ त्याने मान डोलावली. ‘मी दोनदाच विचारलं होतं,’ म्हणाला. याला म्हणतात नवरा.

ईमेल उघडली. बियाण्यांच्या जाहिराती, चर्चचं पत्र, मुलीचा फोटो. गेलनचं काही नाही. खाली गेलो, वर आलो, पुन्हा बघितलं. तिसरी नव्हतीच आलेली. मी म्हटलं, बिघडला हो तो ॲरिझोनात राहून, तिथली माणसं नको म्हटलं की नकोच समजतात. घड्याळात दोनला दोन कमी. आणि मग, तुम्हाला सांगते, या माणसाने जे केलं ते मी त्याला आयुष्यात करताना बघितलं नव्हतं. दोन बोटांनी टाइप केलं, ‘मी बसलोय. तुला वेळ असेल तर तोंड बघीन म्हणतो.’ आपण होऊन! आणि धाडलं. कान लाल झाले होते त्याचे.

एका मिनिटात उत्तर. ‘नको रे, कशाला तुला त्रास.’

वर्लिनचा चेहरा उतरला, अगदी उतरला, आणि मी मात्र मागून त्याच्या खांद्यावर थाप मारली. ‘अरे वेड्या,’ म्हटलं, ‘नको म्हणतोय तो! बिघडला नाहीये. आपलाच आहे अजून.’ त्याच्या लक्षात आलं. लिहिलं, ‘त्रास कसला.’ उत्तर आलं, ‘राहू दे, आर्डिस जेवायला थांबली असेल.’ तिसऱ्यांदा लिहिलं, ‘मी बसलोच आहे.’ आणि मग मिनिटभर काही नाही. बोटं टेबलावर वाजतायत. ‘बरं,’ गेलनने लिहिलं, ‘बसलाच आहेस तर.’

आणि स्क्रीनवर दिसला. वाळला होता, केस गेले होते सगळे, गळ्याशी शर्टातून तो जखमेचा व्रण डोकावत होता. दोघं बघत बसले एकमेकांकडे. मग गेलन म्हणाला, ‘थंडी आहे का तिकडे?’ आमचा अंगणातला नळ चार दिवस गोठलेला. ‘आहे थोडी,’ वर्लिन म्हणाला. ‘तुझी छाती?’ ‘तसं काही फार वाईट नाही.’ आणि गाडी सुटली ती सुटलीच. मासे, ट्रॅक्टर, वडिलांची ती आंधळी घोडी. मी आत जाऊन बार्ससाठी, म्हणजे आमच्या त्या भाजलेल्या गोड वड्यांसाठी, पीठ मळायला घेतलं. सव्वा तास झाला, चार वेळा ‘चल, ठेवतो’ म्हणून झालं. एक मात्र मला जाता येता दिसत होतं, गेलन सारखा मान वाकडी करून बसला होता, एकदा या खांद्यावर, एकदा त्या. मला वाटलं शस्त्रक्रियेचं काहीतरी असेल.

पाचव्यांदा निरोप घेताना गेलन म्हणाला, ‘वर्लिन, एक सांगू? नाही… राहू दे.’ ‘सांग.’ ‘नको.’ ‘अरे सांग ना.’ ‘कशाला उगाच.’ ‘सांग की रे.’ तिसरी वेळ. तेव्हा गेलन म्हणाला, ‘तू जरा… वेगळाच दिसतोयस.’

पिठातला माझा हात तिथेच थांबला. तोच शब्द. नऊ वर्षं खाल्ली होती त्या शब्दाने.

आता आपलं तोंड कोपऱ्यात छोट्या चौकटीत दिसतं, पण स्वतःकडे बघत बसणं बरं दिसत नाही म्हणून वर्लिनने तिथे आधीच कागदाची चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. ती त्याने सोलून काढली. बघतो तर काय, खांदे वर, डोकं खाली, टोपी त्याच्याही खाली! खाली टांगलेला कॅमेरा उलटा धरून बसला होता त्याला. आणि सव्वा तास तो दुसरा त्या उलट्या माणसाशी मासे बोलत होता, तोंडातून ब्र काढला नाही. वर्लिनने स्वतःकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, ‘तसं काही फार वाईट नाही.’ आणि हसायला लागला. गेलन छाती धरून हसत होता, मार्वा मागून ओरडत होती की टाके तुटतील, आणि मी इकडे पिठाच्या हातांनी डोळे पुसले, ते दिवसभर चुरचुरले.

जाताना गेलन म्हणाला, ‘फेब्रुवारीत या दोघं इकडे.’ वर्लिन म्हणाला, ‘नको रे, कशाला उगाच.’ एक झाला. आणि तो गेला तोच स्क्रीनवर चौकट, नवीन अपडेट तयार आहे, आत्ता की नंतर? वर्लिन म्हणाला, ‘नको, राहू दे.’ तिथेही एक झाला. आता तिसऱ्यांदा आधी कोण विचारतो तेवढंच बघायचं. मी आपली बॅग उतरवून ठेवलीये. आणि पुढच्या वेळी अडायला नको म्हणून केबल कुठल्या भोकात जाते ते कागदावर लिहून वर्लिनपुढे धरलं. ‘नको,’ म्हणाला, ‘लक्षात आहे.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा धरलं, पुन्हा नको.

तिसऱ्यांदा मी विचारणार आहे. पण अकरा महिन्यांनी.